स्लॅबमधल्या ‘सत्तर’ला खरा भाव किती?

न्यू जर्सीत आमच्या ओळखीच्या तीन-चार घरांत धनत्रयोदशीच्या पूजेला चांदीचं एक नाणं मांडलेलं असतं, पण ते उघडं नसतं. तळहाताएवढ्या पारदर्शक, कडक प्लास्टिकच्या डबीत ते बसवलेलं असतं आणि वरच्या पट्टीवर छापलेलं असतं, ‘सिल्व्हर ईगल, एमएस ७०’. पूजा आटोपून फराळाची ताटं आली की हमखास प्रश्न येतो, “तुम्हाला यातलं कळतं ना? हे साधारण कितीला जाईल?” मी सांगतो तो आकडा बहुतेक वेळा त्यांनी मोजलेल्या पैशांच्या निम्म्याच्या जवळपास असतो. मग चिवडा कडू लागतो.

मीही एकदा पोळलोय. २०१३ च्या सुरुवातीला, चांदी औंसाला ३० डॉलरच्या आसपास असताना, टीव्हीवरच्या एका विक्रीच्या कार्यक्रमातून मी अशी दहा नाणी ९५ डॉलरच्या भावाने उचलली. सहा वर्षांनी विकायला काढली तेव्हा खर्च वजा जाता हातात नगाला चाळीससुद्धा पडले नाहीत. मधल्या काळात चांदी उतरली होती हे खरं. पण चांदी सगळी मिळून १४-१५ डॉलरनेच उतरली होती. बाकीचे चाळीस गेले कुठे, हे शोधताना जे शिकलो ते इथे मांडतोय. उदाहरण अमेरिकन सिल्व्हर ईगलचंच घेतो, कारण नव्या माणसाच्या हाती पहिल्यांदा येतं ते बहुधा हेच नाणं.

आधी नाणं कोणतं ते पाहा

सिल्व्हर ईगल १९८६ पासून निघतं. एक ट्रॉय औंस, म्हणजे ३१.१ ग्रॅम, ९९९ शुद्धतेची चांदी. दर्शनी किंमत एक डॉलर. समोर चालणारी लिबर्टी देवी, मागे गरुड. २०२१ च्या मध्यात मागचा गरुड बदलला, त्यामुळे त्या वर्षाची दोन रूपं आहेत. तोळ्याच्या हिशेबाची सवय असेल तर एक गंमत सांगतो: ट्रॉय औंस ४८० ग्रेनचा आणि जुना खरा तोळा १८० ग्रेनचा, म्हणजे तीन औंसांचे बरोब्बर आठ तोळे होतात. (हल्ली सराफ दहा ग्रॅमला तोळा म्हणतात, त्या तोळ्याशी हे जुळणार नाही.)

एकाच नावाखाली अमेरिकी टांकसाळ वेगवेगळी नाणी काढते. बुलियन नाणं गुंतवणुकीसाठी असतं. ते टांकसाळ तुम्हाआम्हाला थेट विकत नाही. ठरावीक मोठ्या खरेदीदारांना धातूचा भाव अधिक थोडी रक्कम घेऊन देते. वीस-वीस नाण्यांच्या नळ्या, अशा पंचवीस नळ्यांची पेटी, म्हणजे एका पेटीत ५०० नाणी. या साध्या बुलियन नाण्यावर टांकसाळीचं अक्षर नसतं. प्रूफ हे आरशासारखं चकचकीत, खास संग्राहकांसाठी पाडलेलं नाणं. त्यावर डब्ल्यू, एस असं अक्षर असतं आणि पट्टीवर ‘पीआर’ किंवा ‘पीएफ’ लिहितात. बुलियन नाण्याच्या पट्टीवर ‘एमएस’ असतं, म्हणजे मिंट स्टेट, न वापरलेलं. दोन्हींचे बाजार वेगळे आहेत. प्रूफचा भाव पाहून बुलियन नाण्याची किंमत ठरवणं ही नवख्यांची पहिली चूक. या लेखात मी मुख्यतः बुलियन नाण्याबद्दल बोलतोय.

सत्तर म्हणजे काय

नाण्यांची प्रत १ ते ७० अशी मोजतात. ही मोजपट्टी विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या मोठ्या सेंटसाठी मांडली होती. पुढे १९८० च्या दशकात पीसीजीएस आणि एनजीसी या दोन कंपन्या उभ्या राहिल्या. त्या नाणं तपासतात, अंक देतात आणि डबीत सीलबंद करतात. या डबीला सगळे ‘स्लॅब’ म्हणतात. पाचपट भिंगाखालीही टांकसाळीतून निघाल्यानंतरचा एकही डाग-ओरखडा दिसला नाही, तर सत्तर. कुठेतरी एखादा बारीकसा व्रण असला तर एकोणसत्तर.

या दोहोंतला फरक नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. मला वीस वर्षांनंतरही खात्रीने सांगता येत नाही, आणि तेच नाणं पुन्हा पाठवलं तर कधी कधी अंक बदलूनही येतो. तेव्हा पट्टीवरचा सत्तर हा एका तपासनिसाचा त्या दिवशीचा अभिप्राय आहे असं समजा. अभिप्रायाला बाजारात पैसे मिळतात, यात वाद नाही. किती मिळतात, एवढंच शोधायचं आहे.

या दोन कंपन्यांचा, आणि नव्या सीएसीजीचा, अंक बाजार मानतो. इतर अनोळखी कंपन्यांच्या डबीत सत्तर लिहिलेलं असेल तर ते नाणं सुटं आहे असं धरून किंमत करा.

मोडीपासून वर चढा

आपल्याकडे आई-आजी दागिना घेताना सराफाला एक प्रश्न विचारायच्या, “मोडीत किती देणार?” घडणावळ परत मिळत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक असायचं. स्लॅबमधल्या नाण्यालाही हाच प्रश्न लावायचा. दुकानदाराच्या आकड्यापासून खाली उतरत गेलात तर तो आकडा डोक्यातून जात नाही. म्हणून तळापासून, धातूपासून सुरुवात करा आणि एकेक थर चढवत जा.

पहिला थर धातूचा, म्हणजे त्या दिवसाचा स्पॉट भाव (नुसत्या धातूचा बाजारातला चालू भाव). हिशेब सोपा जावा म्हणून मी इथे चांदी औंसाला ३० डॉलर धरतो. तुम्ही तुमच्या दिवसाचा भाव घाला.

दुसरा थर साध्या, सुट्या ईगलचा. दुकानात ते समजा ३६ ला मिळतं आणि तेच दुकान तुमच्याकडून ३१ ला घेतं. हे दोन्ही आकडे फोन करून विचारता येतात. विचाराच, आणि एकाच दुकानाला विचारू नका.

तिसरा थर एकोणसत्तरचा. हा फार पातळ असतो. सर्वसाधारण वर्षाचं एमएस ६९ सुट्या नाण्यापेक्षा चार-सहा डॉलर जास्तीला विकलं गेलं तरी पुष्कळ. ग्रेडिंगचा, म्हणजे नाणं तपासून अंक मिळवण्याचा, खर्चसुद्धा त्यातून निघत नाही.

चौथा थर सत्तरचा. घोळ इथेच होतो, म्हणून पुढचा बराच भाग याच थरावर खर्च करतोय.

झालेला सौदा शोधा

ईबेवर कोणी ते नाणं १८० ला लावलं आहे, याला काही अर्थ नाही. मी माझी जुनी सायकल दहा हजार डॉलरला लावू शकतो. शोधताना ‘विकलेल्या वस्तू’ हा चाळणीचा पर्याय निवडा, म्हणजे गेल्या सुमारे तीन महिन्यांतले सौदे दिसतील. त्यातही एक फसगत आहे. काही सौद्यांत किमतीवर आडवी रेघ मारलेली असते आणि खाली ‘ऑफर स्वीकारली’ असं लिहिलेलं असतं. रेघ मारलेला आकडा विक्रेत्याने मागितलेला असतो. प्रत्यक्षात तो त्यापेक्षा कमीत सुटलेला असतो. असे सौदे मी सरळ वगळतो. हेरिटेज आणि ग्रेटकलेक्शन्स या लिलावगृहांच्या संकेतस्थळांवर जुन्या लिलावांच्या किमती जपून ठेवलेल्या असतात. महागड्या नाण्यांसाठी त्या उत्तम, मात्र त्यांत खरेदीदाराने लिलावगृहाला वर दिलेलं कमिशन मिसळलेलं असतं. विकणाऱ्याच्या हाती ते येत नाही.

ग्रेडिंग कंपन्यांच्या स्वतःच्या किंमत-याद्याही असतात. त्या दिशा दाखवतात, पण आधुनिक नाण्यांच्या बाबतीत मला त्या बहुतेक वेळा चढ्याच वाटल्या आहेत. व्यापारी आपसात वापरतात ती ग्रेशीट नावाची यादी जास्त जमिनीवर असते, कारण त्यात एक व्यापारी दुसऱ्याला काय देईल ते असतं.

आता माझी पद्धत. मी वही घेतो. तेच वर्ष, तीच कंपनी, तोच अंक, साधी पट्टी असलेले सहा-आठ सौदे उतरवतो. प्रत्येक सौद्यासमोर त्या तारखेचा चांदीचा भाव लिहितो आणि विक्रीच्या किमतीतून तो वजा करतो. उरतो तो आकडा खरा कामाचा. समजा एक नाणं ५८ ला गेलं तेव्हा चांदी ३० होती, वर उरले २८. दुसरं ६२ ला गेलं, चांदी ३५ होती, वर २७. तिसरं ७५ ला गेलं तेव्हा चांदी ३३ होती, म्हणजे वर ४२. हे कसं? फोटो मोठा करून पाहिलं तर पट्टीवर कोणाची तरी सही. ते यादीतून काढा. अशा यादीतला मधला आकडा घ्या, सगळ्यांत वरचा नको. हा ‘धातूवरचा आकडा’ काही महिने फारसा हलत नाही, धातू मात्र रोज हलतो. दोन्ही वेगळे ठेवले की आजची किंमत काढणं ही साधी बेरीज होते.

चांदी भडकली की हा आकडा उलट आक्रसतो, हे नव्या माणसाला खरं वाटत नाही. सुटं नाणं ३६ वरून ७० ला गेलं म्हणून सत्तरवालं त्याच पटीत चढत नाही. गुंतवणूकदाराला औंस हवे असतात, त्याला डबीशी देणंघेणं नसतं. संग्राहकाचं महिन्याचं बजेट तेवढंच राहतं. अशा वेळी सर्वसाधारण वर्षांची स्लॅबमधली नाणी व्यापारी चक्क सुट्या चांदीच्या भावाने मागतात.

किती आहेत, आणि हवीत कोणाला

दोन्ही ग्रेडिंग कंपन्या आपण कोणत्या नाण्याला कोणता अंक किती वेळा दिला याची मोजदाद संकेतस्थळावर ठेवतात. आपलं नाणं त्यात शोधा. अलीकडच्या बहुतेक वर्षांच्या सत्तरची संख्या कित्येक हजारांत दिसेल. टांकसाळीचं काम सुधारलं आहे आणि मोठे व्यापारी पेट्याच्या पेट्या तपासायला पाठवतात. २०१५ मध्ये ४ कोटी ७० लाख ईगल पाडली गेली. त्यातली सत्तर किती निघू शकतील, याचा अंदाज तुम्हीच करा.

उलट टोकाला १९९६. त्या वर्षी ३६,०३,३८६ नाणी निघाली. नेहमीच्या बुलियन ईगलमध्ये ही सर्वांत कमी. त्यामुळे ते नाणं सुटं असलं तरी इतर वर्षांपेक्षा महाग, आणि सत्तरमध्ये तर फारच महाग. १९९९ ची गोष्ट वेगळी. त्या वर्षीची नाणी ७० लाखांहून जास्त, एकोणसत्तरमध्ये ते कोणालाही परवडतं. पण सत्तर अंक मिळालेली अगदी थोडी, म्हणून सत्तरला हजारो डॉलर. ही सगळी किंमत त्या एका अंकाची आहे. आणि ती मोजणाऱ्यांचा गट लहान आहे: पीसीजीएस आणि एनजीसी संग्राहकांच्या संचांची क्रमवारी लावतात, तिथे वरचं स्थान पटकवायला प्रत्येक वर्षाचं सत्तर लागतं. असे झुंजणारे दोघे-तिघे एका लिलावात भिडले की भाव आभाळाला टेकतो. त्यातल्या एकाला ते मिळालं की पुढच्या लिलावात बोली लावणारा एक कमी.

मोजदादीचा आकडा वाढतच जातो, हेही ध्यानात ठेवा. २००३ मध्ये १९६३ चा एक साधा लिंकन सेंट, प्रूफ ७० अंकाचा, लिलावात ३९,१०० डॉलरला गेला होता. एका पैशाच्या नाण्याला एवढी रक्कम! तेव्हा तसा अंक मिळालेले सेंट जवळजवळ नव्हतेच. पुढे लोकांनी आपापले संच काढून पाठवले, त्याच अंकाचे आणखी सेंट निघाले आणि भाव कोसळला. म्हणून मी प्रत्येक महागड्या सत्तरला एक कसोटी लावतो. त्याच नाण्याचं एकोणसत्तर कितीला जातं? दोन किमतींतली दरी दहापट असेल, तर त्या दरीएवढे पैसे आपण एका अभिप्रायावर लावतोय.

ही कसोटी छान पार करणारी नाणीही आहेत. १९९५ चं डब्ल्यू अक्षराचं प्रूफ ईगल फक्त ३०,१२५ पाडलं गेलं. ते सुटं विकलं नाही, ९९९ डॉलरच्या संचात चार सोन्याच्या नाण्यांबरोबर दिलं. अनेक चांदीवाल्यांनी तेव्हा सोन्याचे पैसे कोण घालणार म्हणून सोडून दिलं, आणि आज हळहळतात. ते एकोणसत्तर असलं, त्याहून खाली असलं, तरी मोल टिकून आहे, कारण मुळात नाणंच दुर्मीळ आहे.

पट्टीवरचे जादा शब्द

‘फर्स्ट स्ट्राइक’, ‘अर्ली रिलीजेस’ असे शब्द वाचून वाटतं की साच्यातून निघालेली पहिली-पहिली नाणी असावीत. तसं काही नाही. विक्री सुरू झाल्यापासून साधारण पहिल्या तीस दिवसांत ते नाणं बाहेर आलं किंवा कंपनीकडे पोचलं, एवढाच त्याचा अर्थ. झेंडे, नकाशे, सोनेरी किनार, कोणाची सही यांचंही तेच. पट्ट्या जमवणारे लोक आहेत आणि ते काही डॉलर जास्त देतात. पण तुम्ही ज्या दिवशी विकाल त्या दिवशी त्यांच्यातला एखादा तिथे असेलच असं नाही. मी या शब्दांना शून्य धरतो. काही मिळालंच तर वरकमाई.

डबीतलं नाणं डोळ्यांनी पाहा

चांदीच्या आधुनिक नाण्यांवर कधी कधी दुधाच्या थेंबासारखे पांढरे डाग येतात. सीलबंद डबीत, कित्येक वर्षांनीही. कॅनडाच्या मेपल लीफ या चांदीच्या नाण्याची यासाठी इतकी बदनामी झाली की तिथल्या टांकसाळीने २०१८ पासून डाग रोखणारी नवी प्रक्रिया आणली. डाग आला तरी पट्टीवर सत्तरच राहतो, पण घेणारा फोटो पाहतो आणि एकोणसत्तरचा भाव सांगतो.

प्रमाणपत्र क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर तपासा. क्रमांक खरा निघाला म्हणून थांबू नका. नकली डब्यांवर खऱ्या नाण्याचा क्रमांक उचलून छापलेला असतो, म्हणून तिथे फोटो असेल तर नाण्याशी, पट्टीच्या छपाईशी ताडून पाहा. सुटं नाणं निदान वजन करता येतं. २०२१ नंतरच्या नव्या रूपाच्या नाण्यात कडेच्या खाचांमध्ये एका जागी मुद्दाम एक खाच गाळलेली असते, तीही बघता येते. डबीत यातलं काहीच धड जमत नाही.

हातात किती पडेल

आता शेवटची वजाबाकी. वरच्या हिशेबाने तुमचं नाणं ५८ ला जाणार आहे असं धरू. ईबेसारख्या ठिकाणी शुल्क तेरा-चौदा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे सुमारे ८ डॉलर. विम्यासह टपाल पाच-सहा. उरले ४५ च्या आत-बाहेर. नाण्यांच्या दुकानात नेलंत तर दुकानदार ४० सांगेल, कारण त्यालाही ते ५५ लाच विकायचं आहे आणि तोवर पैसे अडकवायचे आहेत. यात लबाडी नाही. ९५ ला घेतलेल्या नाण्याची आजची वास्तव किंमत म्हणजे हे ४० ते ४५. विमा काढताना, वाटणी करताना, मुलांना देताना हाच आकडा लिहा. नफा झालाच तर अमेरिकेत एक वर्षाहून जास्त ठेवलेल्या अशा नाण्यांना संग्रहवस्तूंचा कर लागतो, कमाल २८ टक्के. खरेदीच्या पावत्या जपून ठेवा.

“मग मीच सुटी नाणी घेऊन ग्रेड करून घेतो,” असं दर दोन महिन्यांनी कोणीतरी म्हणतं. हिशेब करू. वीस नाणी ३६ ने, ७२० डॉलर. ग्रेडिंग, जाण्या-येण्याचं टपाल, विमा धरून नगाला ३० समजा, ६०० डॉलर. एकूण १,३२०. निम्मी सत्तर निघाली, निम्मी एकोणसत्तर, हेही उदार मनाने धरू. दहा ५८ ने आणि दहा ४२ ने, आले १,०००. विक्रीचं शुल्क अजून दिलेलंच नाही. मोठ्या व्यापाऱ्यांना हे परवडतं कारण ते घाऊक पाठवतात, त्यांचा दर वेगळा, आणि ‘सत्तर नसेल तर डबीत घालूच नका’ असंही सांगून ठेवता येतं.

सोन्याच्या ईगलला आणि बफेलो या अमेरिकेच्याच दुसऱ्या सोन्याच्या नाण्याला हीच रीत लावा, पण तिथे चौथा थर अगदी पातळ दिसेल. एक औंस सोन्याच्या किमतीपुढे सत्तरचा वाढावा किरकोळ ठरतो. गोल्ड ईगलचं वजन ३३.९३ ग्रॅम आणि शुद्धता २२ कॅरट, म्हणजे आपल्या ९१६ हॉलमार्कच्याच जातीचं. त्यात शुद्ध सोनं पूर्ण एक औंस असतं. वजन पाहून ‘औंसापेक्षा जास्त आहे’ म्हणून कोणी जादा मागितलं तर हसून पुढे जा.

आणि पुण्या-मुंबईला नेऊन विकायचा विचार असेल तर एवढं सांगतो. परदेशातून येणाऱ्यांना दागिन्यांवर मिळणारी कस्टमची सवलत नाण्यांना लागू नाही. शिवाय तिथल्या पेढीवर सत्तरची पट्टी वाचणारा माणूस सहसा भेटत नाही. माझ्या एका मामेभावाने हौसेने एक स्लॅब सराफाला दाखवला. सराफाने तो कौतुकाने उलटसुलट करून पाहिला, कानाशी नेऊन हलवला आणि विचारलं, “कस लावायचाय, ही डबी फोडू ना?”